संत गोन्सालो गार्सिया : उंबरठ्यावर थांबलेला सेवक



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपले तरुण घोळक्याने उभे असतात. नांदेड आणि लातूरकडच्या या मुलामुलींशी बोलताना एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. कोणी समाजकार्याची पदवी घेतलेली असते, कोणी नर्सिंगचा कोर्स केलेला असतो, कोणी नुसतीच बारावी झालेली असते. मनात इच्छा मात्र एकच असते, की संकटात सापडलेल्या माणसांसाठी काम करावे. पूर, भूकंप, दुष्काळ अशा वेळी धावून जाणाऱ्या एखाद्या संस्थेत आपल्याला जागा मिळावी. अर्ज जातो. उत्तर आलेच तर ठरलेले असते : दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा. कामाशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभवाशिवाय काम मिळत नाही. असे वर्ष-दोन वर्षे गेले की घरची मंडळी पोलीस भरतीचे किंवा बँकेच्या परीक्षेचे नाव काढतात, आणि मनातली ती हाक खरी होती की भास होता, असा प्रश्न त्या मुलाला पडू लागतो.

ही निराशा आम्ही हलकी मानत नाही. एखाद्याला चांगले काम करायचे आहे आणि त्यालाच दारातून परत पाठवले जाते, यासारखे मन मोडणारे दुसरे काही नसते. म्हणूनच या रविवारी आम्ही अशा एका तरुणाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत, ज्याला सेवेच्या दारात वर्षानुवर्षे थांबावे लागले आणि ते दार त्याच्यासाठी उघडलेच नाही. तो आपल्याच महाराष्ट्राचा, वसईचा. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आज सगळे जग त्यांना ओळखते. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

वसईचा मुलगा

गोन्सालो यांचा जन्म १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास वसईला झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज होते आणि आई इथल्याच मातीतली होती. त्या काळच्या समाजात अशा मिश्र घरातल्या मुलाची जागा जरा अवघडच असे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तो पुरता त्यांचा नसे आणि गावाच्या दृष्टीने पुरता गावचा नसे.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय फादरांचे विद्यालय होते. तिथे गोन्सालो शिकले. तिथले फादर सेबास्टियन गोन्सालवीस यांचा या हुशार मुलावर जीव होता. फादरांना जपानच्या मिशनवर जायचे ठरले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे गोन्सालो त्यांच्याबरोबर निघाले. हे साल साधारण १५७२.

आज हैदराबादला किंवा पुण्याला शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देताना आपल्या आयाबहिणींचे डोळे भरून येतात. त्या काळी जपानला जाणारी पोर्तुगीज जहाजे गोवा, मलाक्का, मकाव अशी थांबत थांबत जात. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत बंदरात महिनोन्महिने वाट पाहावी लागे. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री कोणी देत नसे. गोन्सालो यांच्या आईने आपल्या मुलाला कोणत्या मनाने पाठवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आठ वर्षांची उमेदवारी

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म येऊन तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली तिथे पोहोचले होते. त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांपुढे सर्वांत मोठी अडचण होती भाषेची. युरोपातून आलेल्या विद्वान फादरांना जपानी बोलणे जड जात असे. गोन्सालो यांनी मात्र ती भाषा लवकर आत्मसात केली. वय कोवळे होते, स्वभाव मनमिळाऊ होता आणि लोकांत मिसळण्याची आवड होती. ते बाजारात, घराघरांत, लहान मुलांच्या घोळक्यात बसत. हळूहळू ते कॅटेकिस्ट म्हणून धर्मशिक्षण देऊ लागले. फादरांचे बोलणे लोकांना समजावून सांगू लागले. असे त्यांनी सुमारे आठ वर्षे काम केले.

या आठ वर्षांत त्यांच्या मनात एकच आस होती. ज्या येशूसंघाची ते सेवा करत होते, त्या संघाचा सभासद व्हावे आणि सारे आयुष्य या कामाला वाहून टाकावे. त्यांनी तशी विनंती केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केली. पण प्रवेश मिळाला नाही.

त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना युरोपीय धर्मसंघांत सहजासहजी घेतले जात नसे. या मुलांची श्रद्धा टिकेल का, त्यांना शिस्त जमेल का, अशा शंका वरिष्ठांच्या मनात असत. वाचकहो, येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. दारावर बसलेली माणसे वाईट नव्हती. त्यांतील कित्येक जण अतिशय पवित्र आयुष्य जगत होते. तरीसुद्धा ती चुकू शकत होती. चांगल्या संस्थेतली चांगली माणसेही एखाद्याची पारख करताना चुकतात, आणि त्या चुकीचा भार दारात उभ्या असलेल्या माणसाला सोसावा लागतो. आठ वर्षे राबून घ्यायचे आणि आत मात्र घ्यायचे नाही, हे दुःख गोन्सालो यांनी पुरेपूर भोगले.

मधली वर्षे

अखेर त्यांनी ते काम सोडले. मन खट्टू झाले होते, यात नवल नाही. त्यांनी व्यापार सुरू केला. पूर्वेकडच्या बंदरांतून मालाची ने-आण करणारे पुष्कळ व्यापारी तेव्हा होते. गोन्सालो त्यांच्यातलेच एक झाले. जपानी येत होते, पोर्तुगीज येत होते, माणसांची पारख होती आणि शब्दाला ते पक्के होते. धंद्याला बरकत आली. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांच्या पेढ्या उघडल्या.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असेल, की चला, पोरगा मार्गाला लागला. डोक्यातले मिशनचे खूळ गेले, चार पैसे मिळू लागले. आपल्याकडेही असेच म्हटले जाते. पण ज्याच्या मनात एकदा हाक उमटली, त्याला पैशाने समाधान मिळत नाही. व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो फिलिपाइन्समधील मनिला शहरात वारंवार जात. तिथे त्यांना फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर आणि फादर भेटले. अनवाणी चालणारे, भिक्षेवर राहणारे, गरिबांत आणि आजाऱ्यांत वावरणारे हे लोक त्यांना आपलेसे वाटले. ओळख वाढत गेली. शेवटी १५८७ च्या आसपास त्यांनी आपला सगळा धंदा गुंडाळला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला.

वसई सोडल्यापासून तोवर पंधराएक वर्षे लोटली होती. सोळा वर्षांचा मुलगा तिशीचा झाला होता. आणि पद कोणते मिळाले? धर्मगुरूचे नव्हे. मठात पडेल ते काम करणाऱ्या साध्या ब्रदरचे. ते शेवटपर्यंत ब्रदरच राहिले. मोठे पद मिळाले तरच येईन, अशी अट त्यांनी घातली नाही.

ज्या भाषेने दार उघडले

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांना जपानकडे वकील पाठवायचा होता. जपानचे सर्वसत्ताधीश तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी होते. त्यांनी १५८७ साली मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला होता. तो कडकपणे अमलात आला नव्हता, पण वातावरण धोक्याचे होते. या नाजूक कामगिरीसाठी फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांची निवड झाली. ते विद्वान होते, अनुभवी होते. पण त्यांना जपानी येत नव्हते. मग त्यांच्याबरोबर कोणाला पाठवायचे?

साऱ्यांची नजर ब्रदर गोन्सालो यांच्याकडे वळली. ज्या आठ वर्षांचे चीज झाले नाही असे वाटत होते, त्याच आठ वर्षांत शिकलेली भाषा आता उपयोगी आली. व्यापाराच्या निमित्ताने झालेल्या ओळखी, तिथल्या रीतिरिवाजांची माहिती, मोठ्या माणसांशी कसे बोलावे याचे भान, हे सारे उपयोगी आले. वसईचा हा ब्रदर दुभाषा म्हणून हिदेयोशींसमोर उभा राहिला. त्याच्या तोंडून निघालेल्या एखाद्या चुकीच्या शब्दाने सगळ्यांच्या जिवावर बेतले असते. पण बोलणी सुखरूप पार पडली आणि फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली.

पुढे क्योतो या राजधानीच्या शहरात त्यांना जागा मिळाली आणि १५९४ साली तिथे लहानसा मठ व चर्च उभे राहिले. त्याच्या जोडीला त्यांनी संत अॅन आणि संत जोसेफ यांच्या नावाने दोन रुग्णालये काढली. ही रुग्णालये मुख्यतः कुष्ठरोग्यांसाठी होती. कुष्ठरोग झालेल्या माणसाला त्या काळी घरचे लोकही टाकून देत. तो नदीकाठी, पुलाखाली, देवळाच्या पायरीशी पडून राही. अशा माणसांना उचलून आणणे, त्यांच्या जखमा धुणे, त्यांना भरवणे आणि मेल्यावर सन्मानाने पुरणे असे काम तिथे चाले. या कामात परदेशी फादर-ब्रदर थोडे होते आणि जपानी ख्रिस्ती लोक जास्त होते. त्यांच्यात एक वैद्य होता, एक स्वयंपाकी होता, कोणी रुग्णालयाची व्यवस्था पाहत असे. ज्याला जे येत होते, ते त्याने आणले होते.

ब्रदर गोन्सालो या सर्वांमधला दुवा होते. रोग्याचे म्हणणे फादरांना सांगायचे, फादरांचे बोलणे रोग्याला समजावायचे आणि अधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या घेऊन जायचे. या कामाला नाव नसते आणि त्याचा अहवालही निघत नाही. पण असा माणूस नसेल तर औषध असूनही ते रोग्यापर्यंत पोहोचत नाही.

नागासाकीची टेकडी

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे एक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मालावरून आणि स्पॅनिश राजाच्या हेतूंविषयी उठलेल्या बोलण्यावरून हिदेयोशींच्या मनात संशय भरला. मिशनरी हे परकीय सत्तेचे हस्तक आहेत, असे त्यांना वाटू लागले. ८ डिसेंबर १५९६ रोजी क्योतोच्या मठाभोवती पहारा बसला. काही दिवसांनी मठातील सर्वांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले.

३ जानेवारी १५९७ रोजी कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गावातून धिंड काढण्यात आली. मग भर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर अंतरावरच्या नागासाकीकडे त्यांना नेण्यात आले. वाटेत थंडी, उपासमार आणि लोकांची टिंगल सोसावी लागली. अखेरीस ते सव्वीस जण होते. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघाशी संबंधित जपानी आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा ते चौदा वर्षांची तीन मुले होती. रुग्णालयात काम करणारेही त्यांत होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे करण्यात आले. क्रुसावर सर्वप्रथम ज्यांना जखडण्यात आले, ते ब्रदर गोन्सालो होते असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. शेवटपर्यंत ते देवाची स्तुती गात होते. दोन भाल्यांनी त्यांचे शरीर भेदले. तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट आम्हांला फार हृदयस्पर्शी वाटते. जुआन द गोतो आणि दिएगो किसाई हे दोघे जपानी ख्रिस्ती येशूसंघाच्या घरी सेवा करत होते आणि त्यांनाही संघात प्रवेश हवा होता. मरणाला सामोरे जाण्यापूर्वी त्या दोघांना व्रते घेऊ देण्यात आली. ज्या संघाचे दार गोन्सालो यांना उघडले नव्हते, त्या संघाचे तिघे आणि ते स्वतः एकाच टेकडीवर, एकाच ओळीत, एकाच प्रभूसाठी उभे होते. आत कोण आणि बाहेर कोण हा हिशोब तिथे संपला.

पोप आठवे अर्बन यांच्या काळात, १६२७ साली, या सव्वीस जणांना धन्य म्हणून मान मिळाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आज वसईत गोन्सालो यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गासला त्यांच्या नावाचे चर्च आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ साली सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्या ब्राँझच्या ओळीत आपला वसईकरही उभा आहे.

किल्लारीने शिकवलेला धडा

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. जपान कुठे आणि लातूर कुठे, असे कोणी म्हणेल. पण गोन्सालो यांच्या आयुष्यात जे घडले, तेच वेगळ्या रीतीने आपल्या डोळ्यांदेखत लातूरला घडलेले आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातले वडीलधारे विसरलेले नाहीत. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतली दगड-मातीची, जड माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या दिवसांत मदतीला येणाऱ्यांचा महापूर लोटला. कित्येकांनी जिवापाड मेहनत केली. पण काय करावे हे ठाऊक नसलेल्या आणि नुसतेच पाहायला आलेल्या लोकांच्या गर्दीने रस्ते तुंबले, आणि खऱ्या मदतीच्या गाड्या अडकल्या. संस्था अनुभव का मागतात, याचे उत्तर इथे आहे. आपत्तीच्या जागी गेलेल्या माणसाला स्वतःचे पाणी, स्वतःची झोपायची जागा, स्वतःची काळजी घेता आली नाही, तर तोच एक नवा आपद्ग्रस्त होतो. म्हणून प्रत्येक नकाराला अन्याय समजू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. अनुदान कसे मिळते, भिंत भूकंपात टिकावी म्हणून काय करायचे, हे गावोगावी समजावून सांगायला कोणीतरी हवे होते. इंजिनिअरची भाषा गावाला कळत नव्हती आणि गावाची अडचण इंजिनिअरला कळत नव्हती. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या या साध्या बाया होत्या. अनेकींनी तोवर गावातल्या सभेतही तोंड उघडलेले नव्हते. आपत्तीच्या कामाचा अनुभव त्यांना कुठून असणार? पण गावातले कोणते घर कोणाचे, विधवा कोण, कोणाच्या नावावर सातबारा आहे आणि कोणाच्या नाही, हे त्यांना ठाऊक होते. तीच त्यांची पदवी ठरली.

२००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही पोहोचल्या. ज्यांना एके काळी कोणी कामावर ठेवले नसते, त्यांचाच सल्ला घेतला जाऊ लागला.

ब्रदर गोन्सालो आणि या बाया यांच्यात आम्हांला एकच धागा दिसतो. दोघांकडेही प्रमाणपत्र नव्हते. दोघांकडेही माणसांची भाषा होती, आणि ती भाषा त्यांनी दाराबाहेरच्या वर्षांत कमावलेली होती.

आपल्या तरुणांसाठी

म्हणून अनुभव नाही म्हणून परत पाठवलेल्या आमच्या मुलामुलींना आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट, थांबण्याचा काळ रिकामा जाऊ देऊ नका. एखादी भाषा शिका. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-धर्माबादकडे तेलुगू चालते, लातूरच्या उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडते. तांड्यांवर बंजारा बोली आहे, किनवट-माहूरच्या डोंगरांत गोंडी आणि कोलामी आहे. या बोली जाणणारा कार्यकर्ता शोधून सापडत नाही. गोन्सालो यांचे दार भाषेनेच उघडले.

दुसरी गोष्ट, हाताला एक तरी कौशल्य असू द्या. इंडियन रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले आहे. आपल्या जिल्ह्यात असे वर्ग केव्हा होतात, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करता येते. हिशोब चोख लिहिणे, यादी नीट करणे, गाडी चालवणे, पन्नास माणसांचा स्वयंपाक करणे, हीसुद्धा कौशल्येच आहेत. क्योतोच्या रुग्णालयाला वैद्याइतकाच स्वयंपाकीही लागत होता.

तिसरी गोष्ट, आपत्ती दूरदेशीच असते असे समजू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यातल्या गावांना पुराने वेढले. आपल्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी, कोणाला कोणते औषध लागते याची नोंद, पूर आला तर कोणाला आधी हलवायचे याचा विचार, ही कामे करायला कोणाचे नेमणूकपत्र लागत नाही. वर्षभर हे काम केले, त्याची वही ठेवली, तर तोही अनुभवच होतो.

चौथी गोष्ट, पोटासाठी दुसरे काम धरावे लागले तर त्याची लाज बाळगू नका. शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनीची गोष्ट आठवा. जखमी माणसावर ओतायला त्याच्याजवळ तेल आणि द्राक्षारस होता, त्याला बसवायला जनावर होते, धर्मशाळेच्या मालकाला द्यायला पैसे होते. तो वाटसरू आपल्या कामानेच त्या रस्त्याने चालला होता. गोन्सालो यांची व्यापारातली वर्षेसुद्धा देवाने वाया जाऊ दिली नाहीत.

आणि शेवटची विनंती आम्हां मोठ्यांना, म्हणजे धर्मग्रामातल्या संस्था, शाळा, दवाखाने आणि मंडळे चालवणाऱ्या सर्वांना आहे. आपल्या दारात येणाऱ्या तरुणाला अनुभव नाही म्हणून परत लावताना एक क्षण थांबू या. मोठे काम देता येत नसेल तर लहान द्यावे. महिनाभर एखाद्या जाणत्या सिस्टरच्या किंवा कार्यकर्त्याच्या हाताखाली ठेवावे. प्रत्येकाने जर अनुभव दुसऱ्याकडून घेऊन ये असेच म्हटले, तर पहिला अनुभव द्यायचा कोणी? आणि जो आपल्याकडे आठ वर्षे राबला, त्याला बाहेरच उभे ठेवण्याची चूक तर आपण कधीच करू नये.

६ फेब्रुवारीला पवित्र ख्रिस्तसभा नागासाकीच्या हुतात्म्यांचा सण पाळते. त्या दिवशी मिस्सेला येताना, सेवेची इच्छा मनात धरून दारात थांबलेल्या प्रत्येक मुलामुलीची आपण आठवण करू या. ज्यांना आज नकार मिळाला आहे, त्यांचे मन कडू होऊ नये. ज्यांच्या हातात दाराची कडी आहे, त्यांना माणूस ओळखण्याची दृष्टी मिळावी. आणि प्रभूने ज्यांना हाक दिली आहे, त्यांना उशिरा का होईना आपली जागा सापडावी, अशी प्रार्थना संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने करू या.